मकेलिताच्या एक्याण्णव पायऱ्या

वाइताले गावात माणसं सव्वीस, त्यांतले मतदार बावीस आणि रिकामी घरं चाळीस. रिकाम्या घरांचे मालक ऑकलंडला असतात. वर्षातून एकदा फोन करून विचारतात, छप्पर आहे ना अजून? आहे म्हटलं की खूश होऊन फोन ठेवतात. मतदारांची बावीस डोकी राजकारणाला पुरेशी आहेत, उलट चार-पाच जास्तच आहेत, असं मकेलिताचं मत होतं. मकेलिताचं मत म्हणजे गावाने तीनदा ऐकून पाठ केलेलं मत.

बाई साठीच्या घरातली, अंगाने भरलेली, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र तेल घातल्यासारखी. केवड्याच्या पातीच्या टोप्या विणण्यात तिचा हात धरणारं बेटावर कोणी नाही. पाद्रीबुवांपासून पंतप्रधानांपर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर तिचंच काम. पण टोप्यांचं कौतुक केलं की तिला राग यायचा. टोप्या काय, बसल्याजागी कोणीही विणेल. तिचा जीव होता खाली समुद्रात. ओहोटी लागली की खडकांवर उतरायचं, शंख उकरायचे, लिमूचं हिरवं शेवाळ खुडायचं, दोन शंख तिथेच दगडाने फोडून कच्चे खायचे, आणि टोपली भरून वर यायचं. दहा वर्षांची असल्यापासून तिने हेच केलं होतं.

आता आमच्या निउए बेटाला देवाने वाळूची किनार दिलीच नाही. गाव वर, समुद्र कड्याच्या पार तळाशी. खाली जायला कड्यात खोदलेल्या पायऱ्या, वाइतालेच्या एक्याण्णव. सहा वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळाने त्यांतल्या वरच्या अकरा तेवढ्या ठेवल्या, बाकीच्या नेल्या. तेव्हापासून मकेलिता रोज संध्याकाळी अकरा पायऱ्या उतरायची, बाराव्या नसलेल्या पायरीशी उभी राहायची आणि समुद्राकडे बघत आपल्या चुलतभावाला शिव्या द्यायची.

चुलतभाऊ म्हणजे इनोके, वाइतालेचा सभासद. आमची सभा वीस जणांची. देशाचा कारभार अळूचे कंद, टपालाची तिकिटं आणि परक्या बोटींना दिलेले मासेमारीचे परवाने यांवर चालतो. कमी पडलं ते न्यूझीलंड घालतं. सभेत पायऱ्यांचा विषय काढलास का, असं मकेलिताने सहा वर्षांत इनोकेला किती वेळा विचारलं असेल याची गणती नाही. देवळात विचारलं, मयताला विचारलं, त्याच्या मुलीच्या लग्नात केक कापताना विचारलं. इनोके दर वेळी खाली बघायचा आणि म्हणायचा, "बघतोय ताई." इतकी वर्षं बघून बघून त्याचे डोळे कसे नाही दुखले, असं ती चारचौघांत म्हणायची.

शेजारच्या गावची वाट शाबूत होती, पण ती सहा मैलांवर, आणि ट्रक नवऱ्याचा. नवरा इकिपा हा सरकारी बांधकाम खात्यात. खातं म्हणजे तीन माणसं, एक बुलडोझर आणि एक ट्रक, जो तो घरीच आणून लावायचा. हा ट्रक मोठा धार्मिक निघाला. रविवारी देवळात जायला पहिल्या फटक्यात सुरू. अळूच्या मळ्यात जायला सुरू. आणि ओहोटीच्या दिवशी मकेलिता टोपली घेऊन बाहेर आली की बॅटरी उतरलेली. इकिपा बॉनेट उघडून आत डोकं घालायचा आणि भरती येईपर्यंत बाहेर काढायचा नाही. गरीब बिचारा किती खपतो माझ्यासाठी, असं मकेलिताला वाटायचं. बाई हुशार होती हो, पण नवऱ्याच्या बाबतीत हुशारी कोणाची चालते?

शेवटी या निवडणुकीला तिने ठरवलं, इनोकेच्या भरवशावर पायऱ्या व्हायच्या नाहीत, आपणच सभेत जायचं. अर्ज भरला. पहिल्याच भाषणात सांगितलं, मी रस्ते देणार नाही, नळ देणार नाही, पायऱ्या देईन. भाषण संपलं. गावाला हे फार आवडलं, कारण इनोकेचं भाषण दीड तासाचं असायचं.

मग सुरू झाली खरी पंचाईत. उमेदवाराने मतदाराला खाऊ घालू नये असा कायदा आहे. आणि दारात आलेल्याला न खाऊ घालता परत पाठवावं असा माणूस आमच्या बेटावर अजून जन्मायचा आहे. लोक हे ओळखून बरोबर जेवणाच्या वेळी यायला लागले. मकेलिताच्या घरी भट्टीतून नुकतं काढलेलं ताकिही, अळू आणि पपईचे थर, वर नारळाचं दाट दूध, घमघमाट रस्त्यापर्यंत. लोक दारात उभे राहून नुसतं हुंगायचे. मकेलिता कपाळाला हात लावायची. शेवटी तिने तोड काढली. ताट वाढायची, पायरीवर ठेवायची, म्हणायची, हे डुकराला ठेवलंय, आणि पाठ फिरवायची. महिनाभर गावातल्या एकाही डुकराला त्या ताटाचं दर्शन झालं नाही. तिकडे इनोकेच्या पायरीवरही रोज डुकराचं ताट असायचं, आणि गाव दोन्हीकडे निःपक्षपातीपणे जेवत होतं.

मतांची मोजणी तिने आधीच बोटांवर करून ठेवली होती. वाइतालेत कोण कोणाला मत देणार हे गुपित नसतं, लोक आपणहून येऊन सांगतात. आणखी एक रीत आहे. स्वतःच्या नावावर खूण करणं म्हणजे भर पंगतीत स्वतःच्या हाताने वाढून घेणं. म्हणून उमेदवार आपलं मत समोरच्याला देतो. तेव्हा मकेलिताचं मत इनोकेला, इनोकेचं मकेलिताला. सगळं धरून बारा विरुद्ध दहा. तिच्या पायऱ्या झाल्यातच जमा होत्या.

मतदानाच्या शनिवारी दुपारी ऑकलंडहून बहिणीचा फोन, कोण आलं निवडून? तिकडे रविवार उजाडला होता आणि बहीण देवळातून दोघांसाठीही प्रार्थना करून आली होती. मकेलिता म्हणाली, बाई गं, तुझ्याकडे उद्या झाला म्हणून इकडचा आज संपत नाही. अजून दोन जण यायचेत, एक झोपलाय आणि एक आंघोळीला गेलाय.

मोजणीला राजधानीहून लुपे नावाची मुलगी आली होती. ही लुपे गुरुवारी विमानतळावर पासपोर्टवर शिक्के मारते, सकाळी रेडिओवर हवामान वाचते आणि निवडणुकीत निवडणूक अधिकारी असते. तिने गावच्या मंडपात चिठ्ठ्या दोनदा मोजल्या, आणि हवामान वाचावं तशा सपाट आवाजात सांगितलं, अकरा आणि अकरा.

मकेलिताने पुन्हा बोटं मोजली. बाराऐवजी अकरा, म्हणजे एक जण फितूर. तिने मंडपभर नजर फिरवली. म्हातारी तिया? छे, ती तर रोज दोन ताटं खाऊन गेलेली. पाद्रीबुवा? त्यांनी बायबलावर हात ठेवून सांगितलेलं. इकिपा तिच्या शेजारीच उभा होता, हातातल्या टोपीच्या कडेचे टाके मोजत होता. त्याला ती दबक्या आवाजात म्हणाली, कोणी दगा दिला बघ, मी शोधून काढते आणि त्याच्या घरी आजन्म टोपी देत नाही. इकिपा म्हणाला, जाऊ दे गं, असेल कोणी बिचारा.

समसमान मतं पडली की नाणं उडवायचं, असं लुपेने सांगितलं. मंडपात छप्पर ठेंगणं, म्हणून सगळे बाहेर फणसझाडाखाली आले. नाणं पाद्रीबुवांनी दिलं. राणीचं तोंड ते मकेलिता, दुसरी बाजू इनोके. लुपेने नाणं उडवलं. बेताचं उडवायचं तर पोरीने चांगलं फांदीला लागेल असं उडवलं. नाणं फांदीला आपटलं, खाली खडकावर पडलं, घरंगळत गेलं आणि झाडाच्या मुळाशी असलेल्या बिळात शिरलं.

"मी काढतो," असं म्हणून इनोकेने हात घातला. कोणी विचारही केला नाही. सहा वर्षांत या माणसाने आपणहून केलेलं हे पहिलं काम, आणि तेच अंगाशी आलं. बीळ होतं उंगाचं. उंगा म्हणजे नारळखाऊ खेकडा, हा असा कोंबडीएवढा, जो एका चिमट्यात नारळ फोडतो. इनोकेच्या तोंडून निघालेला आवाज पुढच्या गावात ऐकू गेला म्हणतात. त्याने हात बाहेर ओढला तर मधल्या बोटाला लोंबकळत अख्खा निळाजांभळा उंगा बाहेर आला.

उंगाने धरलं तर ओढायचं नसतं. ओढलं की तो जास्त आवळतो. नारळाच्या पातीचा हीर घ्यायचा आणि त्याच्या पोटाखालच्या मऊ भागाला हळूच गुदगुल्या करायच्या, मग सोडतो. हे सगळ्यांना माहीत असलं तरी हात बसलेला होता एका मकेलिताचाच. राजकारण बाजूला ठेवून तिने झटकन हीर उचलला आणि भावाकडे निघाली. पण वेदनेने इनोकेचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तो मेहुण्याकडे बघून ओरडला, "इकिपा, लेका, बघत काय राहिलास? तुझ्यापायी सहा वर्षं हिचे टोमणे खाल्ले, आता बोट पण घालवू का?"

मकेलिता जागच्या जागी थांबली. फणसाखाली सगळ्या माना इकिपाकडे वळल्या. मकेलिता हीर हातात घेऊन हळूहळू खाली बसली, इनोकेच्या समोर, गुडघ्यांचा आवाज करत.

"तुझ्यापायी म्हणजे?" तिने विचारलं.

"ताई, आधी हे काढ."

"काढते की. आधी सांग."

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात. इथे बोट पुरलं. इनोकेने भडाभडा सांगून टाकलं. पायऱ्या केव्हाच मंजूर झाल्या होत्या, वादळानंतरच्या पहिल्याच बैठकीत, एकमताने. सिमेंटचा आणि लोखंडाचा हुकूम बांधकाम खात्याकडे गेला, म्हणजे इकिपाकडे, आणि इकिपाने इनोकेला हात जोडले, एवढा कागद विसरून जा म्हणाला. वर दर पावसाळ्याआधी इनोकेच्या मळ्यावर फुकट बुलडोझर फिरवून द्यायचा.

"कागद कुठाय?" मकेलिताने हीर उंगाच्या पोटाजवळ नेला आणि थांबवला.

"तुमच्या गादीखाली."

"कोणाच्या?"

"तुमच्या, ताई. तुझ्या बाजूला. त्याच्या बाजूला ठेवला तर चुरचुरतो म्हणे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो काय वेगळा असतो? सहा वर्षं बाई पायऱ्यांवर झोपली होती. मकेलिताने उंगाच्या पोटाला दोनदा हीर फिरवला. त्याने बोट सोडलं, रागाने सगळ्यांकडे पाहिलं आणि मागच्या मागे बिळात गेला. इनोके बोट तोंडात घालून बसला. मकेलिता उठली आणि नवऱ्याकडे वळली. लोक आपोआप दोन पावलं मागे सरकले.

"बारावं मत पण तूच खाल्लंस," ती म्हणाली. इकिपाने मान हलवली. "आणि ट्रकची बॅटरी?" त्याने परत मान हलवली. टोपीची कड मोजून संपली होती, आता तो ती उसवत होता.

"का रे?" हे तिने इतक्या हळू विचारलं की लोकांना पुढे वाकावं लागलं.

इकिपा मळ्यातला माणूस. त्याला पोहता येत नाही हे गावाला माहीत होतं आणि गाव त्याला त्यावरून चिडवायचं. बाकी जे तो बोलला ते मात्र कोणाला माहीत नव्हतं. वादळाच्या महिनाभर आधी मकेलिता खडकावर असताना मोठी लाट आली होती आणि तिला घेऊन गेली होती. पुढच्या लाटेने आणून परत खडकावर टाकली, आणि ही टोपलीसकट हसत हसत वर आली. तिने तो किस्सा लग्नाकार्यात रंगवून सांगितला होता. पण इकिपा त्या वेळी कड्यावर उभा होता, हे तिलाही माहीत नव्हतं.

"तू दिसत नव्हतीस," तो म्हणाला. "मी मोजत होतो. बत्तीसपर्यंत मोजलं. मके, माझे पाय हलले नाहीत. एक पायरी उतरलो नाही मी. मग वादळाने पायऱ्याच नेल्या, तेव्हा मी देवाचे आभार मानले. आणि हुकमाचा कागद आला तो गादीखाली घातला."

 म्हातारी तिया डोळे पुसायला लागली. लुपे बिचारी शासकीय कामावर होती. तिने बिळात विजेरी मारून पाहिली. नाणं दोन दगडांच्या फटीत सरळ उभं अडकलं होतं, ना छाप ना काटा. मग तिने पाद्रीबुवांची टोपी मागितली, दोन नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि एक उचलली. चिठ्ठी इनोकेची निघाली. त्याने रजिस्टरवर डाव्या हाताने सही केली, ती अजून कोणाला वाचता आलेली नाही. आपण हरलो हे मकेलिताला कळलं ते दुसऱ्या दिवशी. ती तेव्हा घरी गादी उलटी करत होती.

कागद चेपून रोटीसारखा झाला होता. पण सही-शिक्का जागेवर होता. तो तिने जेवणाच्या टेबलावर ठेवला, वर मिठाची बरणी ठेवली आणि आठवडाभर नवऱ्याशी अवाक्षर बोलली नाही. आमच्या मकेलिताने आठवडाभर न बोलणं म्हणजे काय ते परक्याला नाही कळायचं. चौथ्या दिवशी शेजारी काळजीने विचारायला आले, तब्येत बरी आहे ना? आठव्या दिवशी इकिपाने कागद उचलला, घोरत पडलेला बुलडोझर जागा केला आणि कामाला गेला.

पायऱ्या त्याने स्वतः बांधल्या. तीन महिने लागले. एक्याण्णव पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडे, दर दहा पायऱ्यांवर बसायला ओटा, आणि लोखंड इतकं की पुढच्या वादळात बेट जाईल पण पायऱ्या राहतील. इनोकेने उद्घाटनाला दीड तास भाषण केलं, फुगलेलं बोट उंच धरून. मकेलिताने ते सगळं ऐकून घेतलं, म्हणजे तिने त्याला मनापासून माफ केलं होतं.

इकिपाची एकच अट होती. कमरेला दोर. दोराचं एक टोक मकेलिताच्या कमरेला, दुसरं वर कड्यावर बसलेल्या इकिपाच्या मनगटाला. त्याने एक हिसका दिला की तिने दोन द्यायचे, म्हणजे जिवंत आहे. मकेलिता म्हणाली, मी काय बकरी आहे का? पण बांधून घेतला. पहिल्या दिवशी इकिपाने इतके हिसके दिले की तिच्या हातातून तीन शंख पडले. दुसऱ्या दिवशीही तेच. आख्खं गाव कड्यावर बसून हा खेळ बघायचं आणि हिसके मोजायचं.

तिसऱ्या ओहोटीला एक छान खबदाड तिला दिसलं, कपारीच्या आत, शंखांनी गच्च भरलेलं. दोर पुरेना. तिने तो सोडला, एका खडकाला बांधून ठेवला आणि आत वाकली. काम फार रंगलं होतं. वरून एक हिसका आला, खडकाने काय उत्तर द्यायचं? आणखी एक आला. मग तीन-चार एकदम आले, आणि मग दोर ढिला पडला.

तिने मान वर केली ती पावलांच्या आवाजाने. पायऱ्यांवरून इकिपा येत होता. कठड्याला धरून नाही, दोन-दोन पायऱ्या एकदम, पायात सरकारी खात्याचे जाड बूट, मनगटाला दोराचं टोक तसंच. ओठ हलत होते, तो मोजत होता. शेवटच्या पायरीवर तो थांबलासुद्धा नाही. गुडघाभर पाण्यात धपाधप चालत खडकापर्यंत आला, दोराला बांधलेला दगड बघितला आणि दगडालाच हाक मारली, "मके!"

मकेलिता कपारीतून बाहेर आली. समोर नवरा, छातीपर्यंत पाणी उडून भिजलेला, बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा समुद्रात.  तिला हसू यायला हवं होतं, आलं नाही. डोळ्यांत पाणी आलं. खारं पाणी उडालं असं ती नंतर म्हणाली.

"कितीपर्यंत मोजलंस?" तिने विचारलं.

"नऊ," इकिपा धापा टाकत म्हणाला.

मकेलिताने एक शंख दगडाने फोडला, आतला मऊ गर त्याच्या तोंडात घातला आणि भरलेली टोपली त्याच्या हातात दिली. "आलाच आहेस तर धर ही," ती म्हणाली. "अजून आत बरेच आहेत."